शनिवारी लिहीत नाही

"आज शनिवार आहे. शनिवारी मी लिहीत नाही."

हे वाक्य आपल्या तोंडून कसं निघून गेलं, ते नजात दलरहीमला स्वतःलाच कळलं नाही. क्रांतीच्या कमिटीतल्या बरादर, म्हणजे बंधू, करीमीनं टेबलापलीकडून पेन पुढे केलं होतं. साधं निळं बॉलपेन, टोपण काढलेलं, मागचं टोक चावलेलं. नजातचा हात त्याच्याकडे निघालाही होता. तो मध्येच थांबला आणि परत मांडीवर येऊन बसला. टेबलावरच्या कागदावर दोन ओळी टाइप केलेल्या होत्या. सोबतच्या पत्रातलं अक्षर माझा धाकटा भाऊ हशमत दलरहीम याचं आहे, हे मी ओळखतो आणि शपथेवर सांगतो. त्याखाली पूर्ण नाव, बापाचं नाव, सही. इतकंच लिहायचं होतं. "तुमच्या भावानं कबूल केलंय," करीमी आत्ताच म्हणाला होता. "अक्षर माझं, म्हणतो. एक कबुली झाली. आता ओळखणारा एक माणूस हवा." आणि त्यावर हे उत्तर. फिरदौसी चौकाजवळ नजातचं चष्म्याचं दुकान होतं. शुक्रवारी सगळ्यांबरोबर बंद, शनिवारी सगळ्यांबरोबर उघडं. तीस वर्षांत त्यानं शनिवारी किती नंबर लिहिले, किती पावत्या फाडल्या, किती सिगरेटी फुंकल्या, याला गणती नव्हती. सणासुदीला बायको ओढून नेईल तेव्हाच तो यहुद्यांच्या प्रार्थनाघरात जायचा, तिथंही अंगणात उभा राहून गप्पा छाटायचा. असला माणूस म्हणत होता की शनिवारी मी लिहीत नाही.

करीमी हसला नाही, रागावलाही नाही. तिशी ओलांडलेला, नीट कातरलेल्या दाढीचा हा माणूस क्रांतीच्या आधी शाळेत विज्ञान शिकवायचा असं म्हणत, आणि ते पटण्यासारखं होतं. वर्गात चुकीचं उत्तर आल्यावर मास्तर जसा क्षणभर थांबतो तसा तो थांबला. मग त्यानं पेनाला टोपण लावलं. "बरं. मग संध्याकाळी लिहा. तीन तारे दिसले की तुमचा शनिवार संपतो, नाही का?" नजातनं मान हलवली. "मी हमदानचा, आगा नजात. तुम्हीही तिथलेच ना? तुमच्या मोहल्ल्याला लागून आमची भिंत. शनिवारी सकाळी शेजारच्या म्हातारीची शेगडी माझी आई पेटवून द्यायची. थंडीत तर चार घरं करून यायची. विस्तवाला हात नाही, लेखणीला हात नाही, दिव्याला हात नाही. मला सगळं तोंडपाठ आहे." एवढ्या मोठ्या तेहरानात थाप मारायला त्याला नेमका हाच माणूस सापडला होता.

"वाचायला तर बंदी नाही?" करीमीनं खणातून ते पत्र काढून पुढे सरकवलं. "काय लिहिलंय ते वाचून तरी दाखवा. विद्यापीठातला आमचा माणूस दोन दिवस घेऊन बसला होता. म्हणतो, अक्षरं हिब्रूच्या घरची, पण भाषा हिब्रू नव्हे. धड फारसीही नव्हे. आणि कडेला हा नकाशा. रांगा, आकडे, मापं. पत्ता जेरुसलेमचा. आता आम्ही काय समजायचं?"

"चष्मा नाही माझ्याकडे," नजात म्हणाला.

"चष्मा नाही?"

"शनिवारी आम्ही खिशात काही बाळगत नाही. घरातून काही उचलून बाहेर न्यायचं नसतं."

"चष्मेवाल्याकडे चष्मा नाही," करीमी म्हणाला, आणि या वेळी त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. "मग चालतच आला असाल."

"चालतच."

तो टॅक्सीनं आला होता. कोटाच्या आतल्या खिशात चष्मा होता, उजव्या खिशात सिगरेटचं पाकीट, लायटर, घराची किल्ली आणि दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा, आणि डाव्या खिशात बायकोनं, फरंगीसनं, निघताना कोंबलेलं एक संत्रं. आता संध्याकाळपर्यंत यातल्या कशालाही हात लावायचा नव्हता. करीमीनं हाक मारली, "मश्दी यदुल्ला, यांना वरच्या खोलीत बसवा. आणि शेगडी तुम्ही पेटवा, यांना पेटवायला लावू नका."

कमिटीनं ताब्यात घेतलेला तो बंगला कुणाचा होता हे नजातला माहीत नव्हतं. वरची खोली मात्र लहान मुलाची असणार, कारण भिंतीवरच्या कागदावर बदकं होती, एकामागे एक चाललेली, आणि खिडकीच्या खाली कुणीतरी त्यातल्या दोन बदकांना पेन्सिलनं टोप्या घातल्या होत्या. खिडकीतून बाग दिसत होती आणि कोरडा पोहण्याचा हौद, त्यात पालापाचोळा. मश्दी यदुल्ला एका पायानं लंगडत आला. पन्नाशीचा, पूर्वी भट्टीवर सांगक रोट्या भाजणारा, हे त्यानं आपणहूनच सांगितलं. त्यानं रॉकेलची शेगडी पेटवली आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "विझवायचीपण मीच का?"

"हो. तुम्हीच."

"म्हणजे धर्म तुमचा आणि काम माझं," यदुल्ला म्हणाला आणि दार लोटून बाहेर खुर्ची टाकून बसला. नजातला हसू आलं, आणि इथं आपल्याला हसू येतंय याचंच त्याला नवल वाटलं.

हशमतला नेल्याला एकोणीस दिवस झाले होते. त्याचं बटणांचं दुकान होतं, तळहाताएवढं. शिंप्यांची पोरं आली की हशमत त्यांना शिव्या देत देत मूठभर जास्तच बटणं द्यायचा. कुणाच्या सांगण्यावरून कोण जाणे, पण कमिटीची माणसं आली आणि त्यांनी खण उपसले. शिंपल्याच्या बटणांच्या डब्याखाली त्यांना हे पत्र सापडलं. पत्राचा कच्चा मसुदा, पक्का तर केव्हाच गेला होता. हशमतला जपून ठेवायची सवय, फुटक्या बटणांपासून लग्नपत्रिकांपर्यंत काही टाकायचा नाही. जेरुसलेमला पत्र म्हणजे हेरगिरी, एवढं त्या दिवसांत कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. त्यांच्या ओळखीचा एक गालिचेवाला याहून लहान कागदावरून जिवानिशी गेला होता. घरच्यांना सकाळी फोन आला, त्याचे कपडे घेऊन जा. एकोणीस दिवस नजात रोज रात्री गादीवर पडायचा आणि ते पत्र त्याला खडा न् खडा आठवायचं. कारण ते त्यानं लिहिलं होतं. हशमतला ती अक्षरं वाचता येत नव्हती, लिहिता तर त्याहून येत नव्हती.

पत्र होतं आईच्या दगडाबद्दल. आईचं नाव ताऊस. सत्त्याहत्तर साली ती म्हणाली, मला मरायला जेरुसलेमला जायचंय, आणि बहिणीबरोबर खरंच निघून गेली, जशी दुसरी एखादी गुडघ्यांसाठी गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाते. पुढच्याच हिवाळ्यात, तेहरानात संप चालू होते, टपाल बंद होतं, तेव्हा ती वारली. बातमी यायला बावीस दिवस लागले. दोघे भाऊ शोकासाठी जमिनीवर बसले तेव्हा तिकडे शोकाचा आठवडा कधीच उलटून गेला होता. मग वर्षश्राद्धाच्या आधी तिथल्या पाथरवटाचं पत्र आलं. तो म्हणत होता की ताऊस हे काही आपल्यातलं नाव नव्हे, मोराचं नाव दगडावर कसं घालू, मी सारा घालतो. हशमत असा भडकला की त्यानं बटणांचा डबा आपटला. "आईला सारा म्हणतो? हा कोण टिकोजी? लिही त्याला, तुझ्या अक्षरात लिही, चांगलं झोंबेल असं." आणि नजातनं लिहिलं. हमदानच्या मोहल्ल्यात बोलायचे त्या बोलीत, आजोबांनी शिकवलेल्या लिपीत, कारण पाथरवट मूळचा तिकडचाच होता. कडेला कबरींच्या रांगा काढल्या, सरूच्या झाडापासून तिसरी, दगडाची लांबी-रुंदी लिहिली. लिहून झाल्यावर हशमतनं कागद हातात धरून उलटासुलटा पाहिला आणि म्हणाला, "काय लिहिलंयस देव जाणे, पण दिसतंय मात्र शिव्या दिल्यासारखं." दोघंही हसले होते. मोहल्ल्यातल्या बायकांच्या हसण्यासारखं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

पहिला एक तास नजातला आपल्या वाक्याचा अभिमान वाटला. काही झालं तरी भावाविरुद्ध आपण सही केली नाही. शनिवारच्या आड का होईना, पण पेन हातात घेतलं नाही. खिडकीशी उभा राहून तो हे स्वतःला दोनतीनदा म्हणाला. मग शेगडीच्या उबेनं पाय जरा सैल पडले आणि खरं काय ते आपसूक समोर येऊन उभं राहिलं. त्यानं सही नाकारली नव्हती. सही करायची नाही तर मग बोलायला हवं होतं, बरादर, अक्षर माझं आहे. तेवढे चार शब्द बोलायला शनिवारची आडकाठी नव्हती. बोलायला कुठल्याच दिवशी नसते. त्याला भावाचा जीव घ्यायचा नव्हता आणि स्वतःचाही द्यायचा नव्हता, म्हणून तो आईच्या शनिवारात जाऊन लपला होता. आणि त्याहून वाईट होतं ते वेगळंच. 'तुमचा भाऊ म्हणतो, अक्षर माझं,' हे करीमीच्या तोंडून ऐकलं तेव्हा छातीत कळ यायच्या आधी, अगदी पापणी लवेल एवढा वेळ, त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे कुणी पाहिलं नव्हतं. त्याची त्याला लाज वाटली, इतकी की तो खिडकीपासून सरून भिंतीशी, बदकांकडे तोंड करून बसला.

सकाळी कमिटीच्या बोलावण्यावरून निघताना फरंगीस दारात आडवी उभी राहिली होती. "हे बघा, काही विचारलं तरी म्हणायचं, मला ठाऊक नाही. मी चष्मे विकतो, मला ठाऊक नाही. समजलं?" तो बूट घालत होता. "मला कळतंय हो तुमच्या पोटात काय चाललंय ते. हशमत माझाही कुणीतरी लागतोच. त्याच्या वाट्याचे गोंदीचे गोळे वेगळे काढून ठेवल्याशिवाय मी शुक्रवारी पानं मांडली नाहीत कधी. पण त्याच्यामागे कोण आहे? ना बायको ना पोर. तुमच्यामागे आपली पोर आहे, झीला, सतराची झालीय, तिला कुठं ठेवू मी?" मग तिला स्वतःच्या बोलण्याचीच भीती वाटली आणि तिनं पटकन ते संत्रं त्याच्या खिशात घातलं. तिच्यावर रागवावं असं नजातला वाटेना. ती जे मोठ्यानं बोलली तेच तो एकोणीस रात्री मनात म्हणत होता, फक्त जरा बऱ्या शब्दांत.

दुपारी यदुल्लानं ताट आणलं. भात आणि वर पालेभाजीत शिजवलेलं मटण, राजमा घातलेलं, तेल सुटलेलं. वास असा की नजातचे कानही सावध झाले. दर मंगळवारी तो चौकातल्या कबाबवाल्याकडे जेवायचा, बोटं चाटून. पण शनिवारी लेखणीला न शिवणारा माणूस परक्याच्या घरचं मटण कसं खाईल? "आम्हाला हे चालत नाही," तो म्हणाला.

"मग काय चालतं?"

"रोटी. कांदा असेल तर कांदा."

"भाताला काय झालं?"

"रस्सा लागलाय."

यदुल्लानं ताटाकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. "बाबा रे, तुमचा देव भलताच कडक आहे," असं म्हणून तो खाली गेला आणि रोटी, कांदा आणि दोन मुळे घेऊन आला. ते मटण त्यानं बाहेर खुर्चीत बसून खाल्लं, दार उघडं ठेवून, गप्पा मारत. मुळा खाताना नजातला आठवेना की शनिवारी रोटी तोडायच्या आधी काय म्हणतात. पहिले दोन शब्द आले आणि पुढे नुसती चाल. आईला सगळं यायचं. शुक्रवारी दुपारपासून ती चुलीवर हलीमचं भांडं चढवून ठेवायची, रात्रभर मंद आचेवर, आणि शनिवारी सकाळी त्यातली अंडी निघायची ती चहाच्या रंगाची. मग ती भिंतीला टेकून बसायची, दोन्ही हात मांडीवर उताणे. एरवी ते हात कधी रिकामे दिसायचे नाहीत. "आज हातांची रजा," ती म्हणायची. हशमत जाऊन तिच्या तळहातावर गाल ठेवायचा आणि तिला हलताच यायचं नाही. नजातनं पाहिलं, आपलेही हात मांडीवर उताणेच पडलेत. उजव्या हाताच्या दोन बोटांना तंबाखूचा पिवळा डाग होता. त्यानं तो हात पालथा केला.

सिगरेटची तल्लफ दोन वाजता सुरू झाली आणि तीननंतर तिला हद्द राहिली नाही. खिशातलं पाकीट मांडीला लागत होतं. यदुल्ला दाराशी ओढत होता आणि धूर आत येत होता. "घेता का एक?" त्यानं विचारलं. "नाही." "हां, विस्तव." असं म्हणून त्यानं एक मोठा झुरका घेतला. त्याच्या मांडीवर निळ्या पुठ्ठ्याची लांबट वही होती, तिच्यात तो थुंकी लावून पानं उलटत होता, दुपारी कोण आलं कोण गेलं ते पाहत होता. नजातनं ती वही पाहिली आणि त्याला सकाळ आठवली. सकाळी साडेआठला फाटकावर हीच वही त्याच्यापुढे केली होती. नाव, बापाचं नाव, आत यायची वेळ, सही. त्यानं खिशातून चष्मा काढून, डोळ्यांवर चढवून, झोकदार सही ठोकली होती. शनिवारी. स्वतःच्या हातानं. शनिवार त्याला आठवलाच नव्हता. आठवणार कसा, आयुष्यात सुचला नव्हता, करीमीनं पेन पुढे करेपर्यंत! तासाभरात कुणीही ते पान उघडलं की संपलं. आणि यदुल्लाचं बोट पानावरून खाली खाली सरकत होतं.

भीती वाटली की नजातला नेहमी शाळेचा वास यायचा. ओल्या लोकरीचा आणि खडूचा. हमदानला प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत मुल्ला मुलांना अक्षरं शिकवायचा. त्यांच्यातही शिकवणाऱ्याला मुल्लाच म्हणत. हशमत तेव्हा सातआठ वर्षांचा, शाळेचा कंटाळा म्हणजे असा की भिंतीवरून उडी मारून पळायचा. त्याची वही नजात लिहून द्यायचा. एक अक्षर होतं, गोल, कडीसारखं. नजातची कडी कधी पुरी मिटायची नाही, वर बारीकशी फट राहायची, आणि मुल्ला कान पिरगाळून म्हणायचा, "कडी बंद कर रे, मेंढरं पळतील." एके दिवशी त्यानं हशमतची वही धरली, पानभर उघड्या कड्या. "हे कुणाचं अक्षर?" हशमत उभा राहिला. "माझं." "लिही बरं फळ्यावर." हशमतनं फळ्यावर एक शेळी काढली. त्याच्या तळपायांवर दहा छड्या बसल्या, आणि नजात दुसऱ्या बाकावर मूग गिळून बसून राहिला. मुल्लानं त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. घरी येताना हशमत टाचांवर चालत होता आणि हसत होता. "मार मी खाल्ला. तुझं संत्रं मला दे." हिवाळ्यात संत्रं म्हणजे चैन होती, आईनं सकाळी दोघांना एकेक दिलं होतं. नजातनं ते वर्गातच खाल्लं होतं, छड्या बसत असताना, बाकाखाली, कारण हातांना काहीतरी हवं होतं. तो म्हणाला, हरवलं. हशमत म्हणाला, जाऊ दे.

बावन्न वर्षांत हशमतनं ही गोष्ट पुन्हा काढली नव्हती. बहुधा विसरलाही असेल. नजात विसरला नव्हता, पण त्यानं तिच्याकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकांना तो भिंगं बदलून बदलून विचारायचा, आता स्पष्ट की आधी स्पष्ट? आता या मुलाच्या खोलीत करायला काहीच नव्हतं. हातांना रजा होती. फुंकायला नव्हतं, वाचायला नव्हतं, ताटात रमायला नव्हतं. आई दर शनिवारी अशी बसायची आणि तिला काय काय दिसत असेल, हे त्याच्या प्रथमच मनात आलं. हशमतला काहीतरी घडलं की 'माझं' म्हणायची सवय आहे. फुटलेली बरणी माझी, आईच्या आजारपणाची रात्र माझी, पत्र माझं. आणि आपल्याला सवय आहे बाकाखाली खात बसायची. यात क्रांतीचा काही संबंध नव्हता. क्रांतीनं फक्त छडीच्या जागी दुसरं काहीतरी आणलं होतं. त्यानं ठरवलं, असं काही त्याला वाटलं नाही. खूप वेळ उभं राहिलं की पाय आपोआप बसायची जागा शोधतात, तसं त्याचं मन एका जागी जाऊन बसलं, आणि मग त्याला झीलाची आठवण आली, तिच्या वेणीची, आणि तो रडला. मोठ्यानं नाही. यदुल्लानं दार थोडं ओढून घेतलं.

हिवाळ्याचा दिवस लहान. साडेचारलाच बदकांचा रंग गेला. युद्ध सुरू झाल्यापासून शहरात दिवे लावायची बंदी होती, रस्त्याकडच्या काचांना निळा रंग फासलेला, त्यामुळे तेहरानवर आता गावासारखं आभाळ दिसायचं. करीमी वर आला. त्याच्या एका हातात तो टाइप केलेला कागद, पत्र आणि तेच निळं पेन होतं, काखेत निळी वही. त्यानं यदुल्लाला गच्चीवर पाठवलं. वरून यदुल्ला ओरडला, "एक आला, बरादर!" मग बराच वेळ काही नाही. "दोन! तिसरा पण आहे... नाही नाही, हा हलतोय. विमान आहे."

"आपलं की त्यांचं?" करीमीनं विचारलं.

"आपलंच असणार, भोंगा कुठं झाला?... आला! खरा तिसरा आला!"

करीमीनं खोलीतला बारका दिवा लावला आणि वही उघडून नजातपुढे ठेवली. बोट बरोबर त्या ओळीवर होतं. "साडेआठला सही केलीत. दहा वाजता मी पाहिली."

नजातला वाटलं होतं तेवढं काही वाटलं नाही. "मग दिवसभर बसवून का ठेवलंत?"

"ती म्हातारी होती ना, आमच्या शेजारची. आई सांगायची, शनिवारी ती नुसती खिडकीत बसून असायची, आणि त्या दिवशी तिला काही विचारलं की ती खरं तेच सांगायची. इतर दिवशी उधार साखरेवरून भांडायची, खोटंही बोलायची. शनिवारी नाही." तो जरा ओशाळल्यासारखा झाला, आणि मग त्याला ओशाळल्याचा राग आला. "आता तुमचा शनिवार संपलाय. लिहा."

नजातनं कोटात हात घातला. आधी चष्मा काढून डोळ्यांवर लावला. मग पाकीट, लायटर, घराची किल्ली, दुकानाचा जुडगा, एकेक करून टेबलावर ठेवलं, शेवटी संत्रं. करीमी ते सगळं पाहत होता. नजातनं सिगरेट पेटवली. शनिवार सरताना विस्तव पेटवायचा असतो, तेवढं मात्र त्याला आईकडून आठवत होतं. दोन झुरके घेऊन त्यानं पेन उचललं, टाइप केलेला कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. एकच शब्द, चार-पाच अक्षरं, शेवटचं गोल. वर बारीकशी फट राहिली. तिशीत, चाळिशीत, पन्नाशीत, कधीच ती मिटली नव्हती. त्यानं ते पत्र ओढून शेजारी ठेवलं आणि बोटानं दाखवलं. तोच शब्द, तीच उघडी कडी, पत्रात सात ठिकाणी.

"हे काय आहे?"

"आईचं नाव. ताऊस." आणि मग त्यानं ते पत्र पहिल्यापासून वाचून दाखवलं, साध्या फारसीत करून. कारागीर महाशय, आमची आई जन्मभर ताऊस होती. तिला सारा म्हणून हाक मारली तर ती वळूनही पाहणार नाही. मोर देवानंच केला, त्याला दगडावर बसायला तुमची काय हरकत? सरूच्या झाडापासून तिसरी ओळ. लांबी अशी, रुंदी अशी. तिच्या मुलांनी लिहिलं, असं वाचून तो थांबला. तिथं मुलांनी असंच होतं, अनेकवचन.

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि तुमच्या भावाला ही लिपी..."

"त्याला यातलं एक अक्षर येत नाही. फळ्यापाशी उभा करा, शेळी काढेल."

करीमी बराच वेळ त्या दोन शब्दांकडे आळीपाळीनं पाहत राहिला. शिकवायचा तेव्हा वह्या तपासताना असाच पाहत असेल. "हे सगळं उद्या वर जाईल," तो शेवटी म्हणाला. "वाचून कुणी काय समजेल ते माझ्या हातात नाही. भाऊ सुटेल असं मी म्हणत नाही. पण तुम्ही आता घरी जात नाही, हे कळतंय ना?"

"कळतंय."

"सकाळी सही करून निघाला असता."

"हो."

यदुल्ला गच्चीवरून खाली आला होता. त्यानं वही उचलली, कानामागची पेन्सिल काढली. "बरादर, यांची बाहेर पडायची वेळ काय घालू?"

"राहू दे कोरी."

यदुल्लानं नजातकडे पाहिलं, मग टेबलावरच्या वस्तू एका पिशवीत भरू लागला, किल्ल्या, लायटर, पाकीट. संत्र्यापाशी त्याचा हात आला तेव्हा नजात म्हणाला, "ते माझं नाही. माझ्या भावाचं आहे. त्याला पोचवता येईल का?"

"सोलून बघ आत काही लपवलंय का," करीमी म्हणाला, "आणि दे." यदुल्ला दिव्याखाली उभा राहून, भट्टीवर भाजलेल्या जाड बोटांनी, ते संत्रं सोलायला लागला. घाईत एकही फोड फुटू नये, याची तो काळजी घेत होता.